मोहिनी तेरा वर्षांची होती : कमलाबाई गोखल्यांची गोष्ट

हा एपिसोड मी पुण्यातल्या फ्लॅटवर नाही, तर गावी बसून रेकॉर्ड केलाय. गाव तुडील, तालुका महाड, जिल्हा रायगड. शिमग्याला आलो होतो, म्हटलं इथूनच करू. ऐकताना मागे कोंबडा येईल, एकदा एसटीचा हॉर्न येईल आणि मध्ये लाइट गेली तेव्हा मी 'अरे यार' म्हणालोय, तेही राहिलंय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. अडखळलेलं काढलंय, बाकी बोललो तसंच आहे.

विषय शिमग्यातच सुचला. आमच्याकडे नमन-खेळे असतात. त्यात गवळण असते, आणि गवळणी सगळ्या पुरुष. यंदा माझा चुलतभाऊ उभा होता. मुंबईला कुरिअरमध्ये काम करतो, सहा फूट उंच. दाढी संध्याकाळी केलेली, पण रात्री अकरापर्यंत गालावर हिरवट झाक आलीच. डोक्यावर पदर, कमरेवर हात आणि मनगटावर काढायचं विसरलेलं काळं स्मार्टवॉच. लोक हसून बेजार. माझ्या मांडीवर बसलेल्या पुतणीने विचारलं, "काका, ह्यांच्यात खरी बाई का नाय?"

मी म्हटलं, "पद्धत आहे गं तशी."

उत्तर दिलं आणि मलाच कसंतरी झालं. म्हणजे मी बीटेक केलेला माणूस, लोणेऱ्याला चार वर्षं काढली, आणि सहा वर्षांच्या पोरीला सांगतोय की पद्धत आहे. म्हणून म्हटलं, निदान जिथे ती पद्धत पहिल्यांदा मोडली त्या ठिकाणाची गोष्ट नीट वाचू आणि तुम्हाला सांगू. ती गोष्ट सिनेमाची आहे, मूकपटाची. आणि मोडणारी होती तेरा वर्षांची एक मुलगी आणि तिची आई.

आधी थोडं मागचं. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलाय, त्यामुळे दादासाहेब फाळक्यांची ओळख करून देत बसत नाही. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला गिरगावात कोरोनेशनमध्ये लागला. त्यात तारामती म्हणजे हरिश्चंद्राची राणी, आणि ती कोणी केली? अण्णा साळुंके नावाच्या माणसाने. फाळक्यांनी बायकांसाठी जाहिरात दिली, पण कामाची एकही बाई मिळाली नाही. वेश्यावस्तीत जाऊन विचारलं, तिथेही नकार. ज्या बायकांना समाज आधीच वाळीत टाकून बसला होता, त्यांनाही सिनेमा हे खालचं काम वाटलं. याच्यावर एक मिनिट विचार करा. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा साळुंके फाळक्यांना सापडला. बारीक अंगाचा, हात नाजूक. तिथे महिन्याला 10 रुपये मिळायचे, फाळक्यांनी 15 देऊ केले. अशी आपल्या सिनेमाची पहिली राणी नेमली गेली. बाकीच्या स्त्रीपात्रांनाही पुरुषच होते, आणि त्यांची मुख्य तक्रार मिशी काढायला लागते ही. बाप जिवंत असताना मिशी कशी काढायची, हा त्यांचा प्रश्न.

आपल्याला आज हसू येतं, पण मराठी माणसाला त्यात विचित्र काही वाटत नव्हतं. त्याच 1913 साली बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुरुषाने केलेली बाई हा त्या काळातला सगळ्यात मोठा स्टार होता. घरंदाज बायका त्यांच्या साड्या, त्यांचे दागिने बघून फॅशन ठरवायच्या. म्हणजे बाई कशी दिसावी, कशी चालावी, हे एक पुरुष स्टेजवरून शिकवत होता आणि खऱ्या बायका प्रेक्षकांत बसून शिकत होत्या. बालगंधर्व मोठे कलावंत, त्याबद्दल दुमत नाही. पण खऱ्या बाईने तेच काम करायचं म्हटलं की तिचं चालचलन निघायचं.

अशा वेळी दुर्गाबाई कामत नावाची एक बाई नाटकात काम करत होती.

दुर्गाबाईंची गोष्ट मला कमलाबाईंपेक्षा कमी मिळाली, आणि वाईट याचं वाटतं की सुरुवात तर त्यांच्यापासून होते. त्यांचे पती आनंद नानोस्कर, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवायचे. 1903 च्या सुमारास दोघं वेगळे झाले. पदरात तीनेक वर्षांची मुलगी. आता 1903 साली नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, चांगल्या घरातल्या बाईपुढे कमाईचे किती मार्ग होते, मोजून बघा. दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकपाणी किंवा कुणाच्या तरी आश्रयाने राहणं. दुर्गाबाई फिरत्या नाटक कंपनीत गेल्या. समाजाने तोंड फिरवलं. त्यांनीही मग मागे वळून बघितलेलं दिसत नाही.

ती मुलगी म्हणजे कमला, जन्म 1900 चा. चार वर्षांची असल्यापासून स्टेजवर. कंपनी आज या गावी, उद्या त्या गावी, आणि पोर आईबरोबर. आपल्याकडे 'बालकलाकार' म्हटलं की कसं गोड वाटतं. इथे गोड काही नव्हतं. आई काम करते तिथे पोरीला ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून पोरही कामाला लागली. आमच्याकडे वीटभट्टीवर बाया पोरांना घेऊन जातात, तसंच.

इथे मी माझी एक आठवण सांगतो, कारण ती पुढे परत लागणार आहे. आमच्या पट्ट्यातल्या एका गावात, नाव नको, दरवर्षी पूजेला नाटक व्हायचं. मुंबईकर मंडळ बसवायचं. नमनात पुरुष चालतात, पण तीन अंकी सामाजिक नाटकात बायको म्हणून पुरुष उभा केला तर लोक उठून जातील, म्हणून मुंबईहून बाई आणायचे. 'नटी आणली' असंच म्हणतात. मी सातवीत असेन. आते त्या गावची, म्हणून मुक्कामाला होतो. मला काम दिलेलं, मेकअपच्या खोलीत चहा न्यायचा. खोली म्हणजे शाळेचा वर्ग. सगळे पुरुष एका बाजूला हसतखिदळत होते आणि त्या बाई कोपऱ्यात बाकावर एकट्या. चाळिशीच्या असतील. मला म्हणाल्या, "बाळा, जरा दारात उभा राहतोस? कोणी येत नाही ना बघ, मला साडी बदलायचीय." मी पाठमोरा उभा राहिलो. साडी बदलताना त्या तोंडाने संवाद म्हणत होत्या, स्वतःचेही आणि समोरच्या पात्राचेही. दोन रिहर्सलवर आलेल्या. पुढे प्रयोगात आमच्या हिरोची, तो कुणाचा तरी दादा होता, दुसऱ्या अंकात पाटी कोरी झाली. त्या बाईंनी त्याचंच वाक्य प्रश्नासारखं करून त्याला परत दिलं आणि गाडी रुळावर आणली. दुसऱ्या दिवशी गावात सगळे दादाचं कौतुक करत होते. बाईंबद्दल जे बोलत होते ते मी इथे सांगू शकत नाही. आजीने फक्त एवढं विचारलेलं, "ती जेवली का रं?" जेवल्या होत्या की नाही, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

तर, परत 1913.

'हरिश्चंद्र' चालला. फाळके मुंबईहून नाशिकला आले आणि दुसरा सिनेमा सुरू केला, 'मोहिनी भस्मासुर'. या वेळी त्यांना बाई मिळाली, नव्हे, दोन मिळाल्या. दुर्गाबाई झाल्या पार्वती आणि कमला झाली मोहिनी. म्हणून पुस्तकात 'भारतीय सिनेमातली पहिली अभिनेत्री' कधी आई असते, कधी मुलगी. लोक यावर वाद घालतात. मला तो वाद फारसा कळत नाही, दोघी एकाच सिनेमात, एकाच सेटवर होत्या आणि मुळात आई होती म्हणून मुलगी आली. पोरीला एकटीला कोणी पाठवलं असतं का?

कथा तुम्हाला माहीत आहे. भस्मासुराला वर मिळतो, ज्याच्या डोक्यावर हात ठेवील त्याचं भस्म. तो शंकराच्याच मागे लागतो. मग विष्णू मोहिनीचं रूप घेतो, नाचता नाचता भस्मासुराला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावतो. आता गंमत बघा. 'हरिश्चंद्र'मध्ये राणी तारामती खरी बाई, ती केली पुरुषाने. आणि 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मोहिनी म्हणजे मुळात पुरुष, बाईचं रूप घेतलेला विष्णू, आणि तो केला खऱ्या मुलीने. आपल्या पडद्यावर खरी बाई पहिल्यांदा हिरॉइन म्हणून आली, तीसुद्धा बाईचं सोंग घेतलेल्या देवाच्या भूमिकेत. हे मी पहिल्यांदा जोडलं तेव्हा रात्री दोन वाजता एकटाच हसलो.

शूटिंग कसं असेल? स्टुडिओत दिवे नव्हते, सगळं सूर्याच्या उजेडात. ढग आला की काम बंद. कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचं. आता थोडं इंजिनिअरिंग, सहन करा. 35 मिलिमीटरच्या एका फूट फिल्मवर 16 चित्रं बसतात. त्या काळी सेकंदाला साधारण 16 चित्रांच्या वेगाने हँडल फिरवायचे. म्हणजे एक फूट बरोबर एक सेकंद. 'राजा हरिश्चंद्र' 3700 फूट होता, म्हणजे त्या वेगाने तासभराचा. ऑपरेटर घाईत असला तर त्याहून लवकर संपायचा. हँडल फिरवणाऱ्याचा हात दुखला की देवही हळू चालायचे.

आणि फाळक्यांच्या घरात एक बाई होती जिचं नाव पडद्यावर कुठेच नाही, सरस्वतीबाई फाळके. फाळक्यांच्या पत्नी. अंधाऱ्या खोलीत कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडणं, फिल्म धुणं, उन्हात पांढरी चादर धरून पात्राच्या तोंडावर उजेड पाडणं, आणि हे सगळं करून पुन्हा साठ-सत्तर माणसांचं जेवण. म्हणजे तारामतीला साळुंके मिळाला, पण तारामतीचा भात शिजवायला आणि तिच्या तोंडावर उजेड धरायला बाईच होती. कमला नाशिकला पोचली तेव्हा त्या ठिकाणी बाई अगदीच नवी होती असं नाही. फक्त कॅमेऱ्याच्या पुढे नवी होती.

कमलाच्या दृष्टीने बघितलं तर हे काम विचित्रच असणार. नाटकातली पोर, गळा तयार, संवाद पाठ. आणि इथे सांगतात, बोल पण ऐकू येणार नाही, गा पण ऐकू येणार नाही. समोर प्रेक्षक नाहीत, टाळी नाही, वन्स मोअर नाही. एक माणूस हँडल फिरवतोय आणि सूर्य कुठे आहे ते बघतोय. नऊ वर्षं स्टेजवर शिकलेलं निम्म्याहून अधिक बाजूला ठेवायचं आणि फक्त अंगाने सांगायचं.

तेरा वर्षांची म्हणून आत्तापर्यंत 'ती' म्हणतोय. पुढे आपण कमलाबाई म्हणू.

बहुतेक लेख इथे संपतात. 'पहिली अभिनेत्री', फुल्ली मारली, पुढे चला. मला जे खरं वाटतं ते यानंतर सुरू होतं. कारण 'मोहिनी भस्मासुर'मुळे बायकांसाठी सिनेमाचं दार उघडलं असं आपण म्हणतो, आणि ते दार लगेच परत लागलं. 1917 चा 'लंका दहन' घ्या. फाळक्यांचाच, प्रचंड चाललेला. त्यात सीता कोण? पुन्हा अण्णा साळुंके. आणि राम? तोही अण्णा साळुंके. एकाच माणसाने दोन्ही. चार वर्षांपूर्वी खरी मोहिनी मिळाली होती तरी. 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली फाळक्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी, पण घरची पोर वेगळी आणि पगार देऊन ठेवलेली नटी वेगळी. विसाच्या दशकात मूकपटात ज्या मोठ्या नट्या झाल्या, सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, पेशन्स कूपर, त्यातल्या बऱ्याच ज्यू नाहीतर अँग्लो-इंडियन घरांतल्या. हिंदू घरंदाज मुली त्यात विरळाच. मग 1932 उजाडलं. 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट, गोष्ट तीच हरिश्चंद्राची, आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे. साळुंक्यांपासून खोट्यांपर्यंत एकाच राणीला एकोणीस वर्षं लागली. नाटकवाल्यांनी तर अजून वेळ घेतला. 'आंधळ्यांची शाळा' 1933 ला आलं आणि त्यात बायकांनी बायकांची कामं केली, याचं केवढं कौतुक झालं. कमलाबाईंनी ते काम 1904 च्या आसपास सुरू केलं होतं, पण त्यांचं कौतुक करायला तेव्हा कोणी मोकळं नव्हतं.

सिनेमा करून कमलाबाई परत नाटकात गेल्या. लग्न झालं रघुनाथराव गोखल्यांशी. आणि हे रघुनाथराव कोण? किर्लोस्कर कंपनीत स्त्रीभूमिका करणारे नट. वयात आल्यावर आवाज फुटला आणि पुरुषांच्या भूमिकांकडे वळले. बायकोने पुढे नुसत्या बायकांच्या एका नाटक मंडळीत पुरुषपात्रं केली. म्हणजे घरात नवऱ्याने नेसलेली नऊवारी आणि बायकोने बांधलेला फेटा. मला असं जोडपं आजच्या वेबसीरिजमध्ये दाखवलं तरी नवीन वाटेल.

पण रघुनाथराव लवकर गेले. कमलाबाई तेव्हा पंचविशीत. दोन मुलगे आणि तिसरं पोटात. थोडा वेळ थांबून बघा, तिची आई तीन वर्षांची मुलगी घेऊन जिथे उभी होती, ही बरोबर त्याच जागी येऊन उभी राहिली, फक्त जास्त ओझं घेऊन. फरक एकच होता. आईला नाटकात जायचं की नाही हे ठरवावं लागलं असेल. मुलीला दुसरं काही येतच नव्हतं आणि जे येत होतं ते उत्तम येत होतं. तिने काम सुरू ठेवलं.

14 मार्च 1931 ला 'आलम आरा' लागला आणि सिनेमा बोलायला लागला. मूकपटातल्या कितीतरी लोकांचं काम याने गेलं. कुणाला हिंदी यायचं नाही, कुणाला गाता यायचं नाही. कमलाबाईंचं उलट झालं. ज्या सिनेमाने त्यांचं बोलणं बाजूला ठेवायला लावलं होतं, त्यालाच आता तयार आवाजाची गरज पडली. बोलपटांत त्यांनी पुष्कळ कामं केली, नाटकं चालूच होती. शेवटचा सिनेमा 'गहराई', 1980 चा. पहिल्या आणि शेवटच्या सिनेमात 67 वर्षांचं अंतर. मूकपटाची नटी म्हणून त्यांचं नाव घेतात, पण आयुष्यातला मूकपट केवढा? नाशिकचे काही महिने. बाकी सगळं बोलणं, गाणं, प्रवास, तोंडाला रंग लावणं आणि पुसणं, आणि मुलांचं बघणं.

मुलांपैकी चंद्रकांत गोखले, जन्म 1921, हेही लहानपणीच स्टेजवर आले. म्हणजे तिसरी पिढीही आईच्या कामावरच वाढली. लालजी आणि सूर्यकांत गोखल्यांनी तबल्यात नाव केलं. आणि चंद्रकांत गोखल्यांचे चिरंजीव म्हणजे विक्रम गोखले. हे ऐकल्यावर माझ्या रूममेटचा चेहरा बघायला हवा होता. "भूलभुलैयातले? नटसम्राटमधला मित्र?" तेच. 'अनुमती'साठी राष्ट्रीय पुरस्कार घेणारे. नोव्हेंबर 2022 मध्ये ते गेले तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. माझ्याही स्टेटसला होता फोटो. पण त्या घराचं मूळ 1903 सालच्या एका बाईच्या निर्णयात आहे, हे त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं.

आता वाईट बातमी. 'मोहिनी भस्मासुर' आपल्याला बघता येत नाही. पूर्ण सिनेमा उरलेलाच नाही. कारण समजून घेण्यासारखं आहे. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. हे रसायन पेटलं की विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्यातच असतो. पाण्यात बुडवलं तरी जळत राहतं. आग नाही लागली तर दमट हवेत आपोआप सडतं, चिकट होतं, मग पूड. मुंबईचा पावसाळा डोळ्यापुढे आणा. याच्यातून वाचली तर तिच्यावर चांदी असते, म्हणून जुनी फिल्म चांदी काढायला विकली जायची. सिनेमा एकदा चालून गेला की तो कशाला ठेवायचा, असाच हिशेब. आपल्याकडे मूकपट बनले तेराशेच्या घरात. आज त्यांतले तीससुद्धा धड उरलेले नाहीत, आणि त्यातही बऱ्याचांचे नुसते तुकडे. पुण्यात राष्ट्रीय फिल्म संग्रहालय निघालं 1964 ला, तोवर बहुतेक सगळं गेलेलं. 2003 च्या जानेवारीत तिथल्या नायट्रेट फिल्म्सना आग लागली, त्यात आणखी गेलं.

ऑफिसात माझं काम बॅकअपचं आहे. रोज रात्री कुठल्यातरी कंपनीचा डेटा तीन ठिकाणी कॉपी होतो आणि एक जरी फेल झाला तर माझा फोन वाजतो. कुणी कधी उघडूनही न बघणाऱ्या इनव्हॉइसच्या तीन तीन प्रती आम्ही सांभाळतो. आणि मोहिनीचा नाच एकाही ठिकाणी नाही. असो. रडगाणं नको.

पण एक प्रत राहिली होती. रीना मोहन या दिग्दर्शिकेने नव्वदीकडे झुकलेल्या कमलाबाईंवर 'कमलाबाई' नावाचा माहितीपट केला, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पुण्यातलं घर, अंथरुणाला खिळलेल्या, नजर गेल्यातच जमा अशा एक आजीबाई. आणि त्या नाटकातले संवाद म्हणायला लागतात. ऐंशी वर्षांपूर्वीचे. अडखळत नाहीत. आमच्या आजींसारख्याच दिसतात, तशाच मध्येच चिडतात, मिश्कील बोलतात, कॅमेरावालीला फार मोठेपणा घेऊ देत नाहीत. तुम्हाला संधी मिळाली तर हा माहितीपट जरूर बघा. तेरा वर्षांच्या मोहिनीचा सिनेमा गेला, पण ती काय शिकली होती ते नव्वदाव्या वर्षी तिच्या तोंडात शाबूत होतं. कमलाबाई 1998 मध्ये गेल्या.

हे सगळं वाचून झालं आणि मला त्या शाळेच्या वर्गातल्या बाई आठवायला लागल्या. साडी बदलताना दोघांचे संवाद म्हणणाऱ्या. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी बाइक काढली आणि आतेच्या गावी गेलो. नाटक बसवणारे काका अजून आहेत. आता नाटक होत नाही, ऑर्केस्ट्रा आणतात. मी विचारलं, "काका, ते नाटक आठवतं? तुमचा हिरो अडकला होता ते?"

"आठवतं की. काय काम केलेलं त्याने!"

"आणि त्या बाई? नाव काय त्यांचं?"

काका बराच वेळ छताकडे बघत बसले. काकी आतून म्हणाल्या, "तिच्या पायात वहाण नव्हती जाताना. कुणीतरी पळवली. मी माझी दिली." नाव त्यांनाही आठवेना.

मग काकांनी ट्रंक काढली. वह्या, पावती पुस्तकं, आणि त्या वर्षीचं नाटकाचं हँडबिल, गुलाबी कागद, घडीवर फाटलेला. वर देवाचं नाव, खाली मंडळाचं. मग कलाकार. अकरा पुरुषांची पूर्ण नावं, वडिलांच्या नावासकट. पडदा ओढणाऱ्याचं नाव होतं. माइकवाल्याचं होतं. चहापाण्याची व्यवस्था कुणाकडे तेही होतं. आणि सगळ्यात खाली, दोन फुलांच्या मध्ये, 'आणि मुंबईची सुप्रसिद्ध नटी'.

मी म्हटलं, जमाखर्चाची वही असेल ना? होती. काकांनी चष्मा लावला, बोट फिरवत खाली आले. मंडप, लाइट, जनरेटर, मेकअपवाला, त्याचं नाव कंसात. मग एक ओळ. 'नटी, येणेजाणे धरून', पुढे रक्कम, पुढे सहीची जागा. तिथे सही होती. लांबलचक, झोकात केलेली, शेवटच्या अक्षरातून खाली ओढलेली रेघ.

मी फोटो काढून आणलाय. मोठा करून बघतोय चार दिवस. पहिलं अक्षर 'सु' असावं किंवा 'म'. आडनाव बहुतेक 'कर'ने संपतं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीपासून ज्यांनी मुंबईहून कोकणात नाटकाला बायका पाठवल्या, अशा एकदोन जणांचे नंबर काकांनी दिलेत. उद्या पुण्याला निघायच्या आधी फोन लावतो.